आईचा काळा फोन

तांब्याची लाइन बंद झाली आणि खडकवासल्याच्या घरातला डायलवाला काळा फोन मुका झाला. आईला आता नीट दिसत नाही, टचस्क्रीन तिच्या कामाची नाही. मागच्या महिन्यात रात्री तिला चक्कर आली, पलंगावरून हाका मारत होती आणि मी माडीवर हेडफोन लावून बसलेलो! तेव्हा ठरवलं.

एफएक्सएस पोर्टवालं छोटं व्हॉइस गेटवे आणलं. हे डबडं एक्सचेंजची नक्कल करतं : फोनला ४८ व्होल्ट देतं, घंटी वाजवतं, आवाजाची पॅकेट्स करून नेटवर्कवर सोडतं. जुन्या लॅपटॉपवर ॲस्टेरिस्क टाकलं. रिसीव्हर उचलला तर चक्क डायल टोन! पण डायल फिरवून उपयोग शून्य. डायल पल्स पाठवते, माझ्या गेटवेला फक्त टोन कळतात. यात दोन शनिवार गेले (बायकोच्या मते तीन). शेवटी हॉटलाइन चालू केली. रिसीव्हर उचलला की थेट माझा फोन वाजणार. तिला नंबर फिरवायचाच कशाला?

मग वरून खाली फोन लावला. आई म्हणाली, "ही आपल्या फोनची घंटी नव्हे रे." खरंच की! सेटिंग अमेरिकन होतं, दोन सेकंद वाजून चार सेकंद गप्प. आपली जोडघंटी : ०.४ सेकंद वाजणार, ०.२ थांबणार, पुन्हा ०.४, मग २ सेकंद शांत. आकडे बदलले.

पूर्वी लाइट गेले तरी एक्सचेंजच्या बॅटरीवर फोन चालायचा. आता यूपीएस जोडलाय. असो.

काल रात्री दोनला फोन वाजला. धावत खाली गेलो.

"काही नाही रे, लागतो का बघत होते."