भांडणारा भरवसा

संकट एकटं येत नाही, हे आपल्याकडं कुणीही सांगेल. पण चहूबाजूंनी घेरलेला माणूस देवाकडं पहिल्यांदा काय मागतो? सुटका? मला वाटतं, तो आधी जाब मागतो. आणि जाब मागावा तो आपल्याच माणसाला.

अशा दिवसांत मला तुकोबा आठवतात. तसबिरीतले, विमानात बसलेले नव्हेत, १६३०च्या दुष्काळातले. आईवडील आधीच गेलेले. थोरला भाऊ सावजी घर सोडून निघून गेलेला. देहूतलं महाजनकीचं, प्रतिष्ठेचं वाण्याचं घर. पण पाऊस फिरकला नाही, गुरं मेली, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमा अन्नावाचून गेली. तुकोबांनी आपल्या अभंगातच हे सांगितलंय, चोपडीत नोंद करावी तितक्या कोरडेपणानं. लोकांत लाज वाटली, तीही लपवली नाही.

मग त्यांनी केलं काय? विठ्ठलाचं पडकं देऊळ नीट करायला घेतलं. कर्जाची खतं, आपल्या वाट्याची होती तेवढी, इंद्रायणीत बुडवली. स्वतःचं घर कोसळलेलं असताना देवाच्या भिंतीला हात लावायचा आणि दुसऱ्यांचं देणं माफ करायचं, याला मी श्रद्धा म्हणतो. भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकांतात बसले, ते काही गप्प राहायला नव्हे. गाथा उघडून पाहा: तिथं रुसवा आहे, संताप आहे, देवाच्या असण्यावरच बोट ठेवण्यापर्यंत गेलेली मजल आहे. आणि पुन्हा हाक त्यालाच.

वडिलांचं आजारपण, घराचं कर्ज आणि डळमळलेली नोकरी एकाच वर्षी अंगावर आली, तेव्हा जो तो मला म्हणायचा, ‘देवावर सोड.’ सोडवेना. सोडणं म्हणजे हात झटकणं वाटायचं. त्या वर्षी एकदा भंडाऱ्याचा डोंगर चढलो. देवळात बसून मनातल्या मनात विठ्ठलाला नाही नाही ते बोललो. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. हप्ता तसाच उभा होता, तपासणीचे कागद तसेच पिशवीत होते. एवढंच कळलं, की ज्याच्यावर आपला भरवसा उरलेला नसतो त्याच्याशी आपण इतका वेळ भांडत नाही. उतरताना उद्याची औषधं आणायची आठवण झाली. ती आणली.

भरवशाचं माझ्या लेखी एवढंच मोजमाप आहे. मन शांत झालं की नाही, हा प्रश्नच नाही. शांती तुकोबांनाही लगेच मिळाली नव्हती. तुम्हीही आज घेरले गेला असाल, तर देवाशी खुशाल भांडा. फक्त बोलणं तोडू नका, आणि हातातलं काम टाकू नका.