औषधाच्या कपाटाची किल्ली

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना व्यसनापासून दूर ठेवण्याचा विषय निघाला, की बहुधा एखादे व्याख्यान ठरते, 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी गावातून फेरी निघते, भिंतीवर कवटीचे चित्र लागते आणि कार्यक्रम यथासांग पार पडल्याचा अहवाल प्राचार्यांच्या दप्तरात दाखल होतो. या उपक्रमांना माझा विरोध नाही. परंतु जिल्हा रुग्णालयाशी संलग्न असलेल्या एका परिचर्या विद्यालयात पाठ्यनिर्देशिका म्हणून ज्या मुलींना मी शिकविले, त्यांना मद्याने यकृताची काय दशा होते हे कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा अधिक निकटून ठाऊक होते. जलोदराने पोट फुगलेल्या रुग्णाला त्या रोज कूस पालटून देत. दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमात जाऊन खाटेवरून उठू पाहणाऱ्याला वॉर्डातल्या मामांच्या मदतीने आवरीत. आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या स्वतःच्या घरी बाप पिणारा होता. आईने शेतमजुरी करून शिकविलेली मुलगी ‘मी दारूला शिवणार नाही’ असे म्हणे तेव्हा ते अक्षरशः खरे असे. धोका तिच्याकडे येत होता तो निराळ्या वाटेने, औषधाच्या प्रतिष्ठित वेषात.

मिश्रीची सवय घरून घेऊन आलेल्या काही मुली असत. आजीच्या शेजारी बसून भाजलेली तंबाखू दातांना लावीत त्या वाढलेल्या. ते व्यसन आहे हेच त्यांच्या मनाला शिवलेले नसे. परंतु तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण एकदा शुश्रूषेसाठी वाट्याला आला, की त्यांतील बहुतेकींची मिश्री आपोआप सुटे. मुलांची गोष्ट परीक्षेनंतरच्या धाब्यावरील बाटलीपर्यंत जाई. महाराष्ट्रात बियरसाठी वयाची एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, हे ऐकून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटे.

ज्या गोष्टीवर मला विस्ताराने लिहावयाचे आहे ती झोपेची. रात्रपाळी रात्री आठ वाजता लागे आणि सकाळी आठला सुटे. वसतिगृहात परतून स्नान आणि न्याहारी उरकून डोळा लागतो न लागतो तोच अकराच्या वर्गाची वेळ होई, कारण उपस्थितीची टक्केवारी भरल्याखेरीज परीक्षेचा अर्ज मंजूर होत नसे. दुपारी वॉर्डनबाई हजेरीसाठी दारे ठोठावीत. आणि तिन्हीसांजेला पुन्हा गणवेश अंगावर चढे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावयास हवी. प्रत्यक्षात चाळीस खाटांच्या कक्षात रात्री एक अधिपरिचारिका आणि तिच्या हाताखाली दोन विद्यार्थिनी एवढाच फौजफाटा असे. अशा काही रात्री सलग काढल्या, की दिवसा झोपच येईनाशी होते. मग बरा होऊन घरी गेलेल्या एखाद्या रुग्णाच्या उशाशी राहिलेली अल्प्राझोलाम या झोप आणणाऱ्या गोळ्यांची पट्टी मुलीच्या हाताला लागते. त्या औषधाचे नाव, वर्ग, मात्रा आणि दुष्परिणाम हे सर्व तिला मुखोद्गत असते, आणि जे ज्ञान तिला सावध करावयाचे तेच तिला धीर देते. ‘अर्ध्या गोळीनं काय होतंय, मॅडम? ही काय नशा आहे का?’ हा प्रश्न मला अनेकींनी अगदी निष्कपट मनाने विचारला आहे. बापाच्या बाटलीकडे पाहून ज्यांनी आयुष्यभराचा धडा घेतला, त्यांना ती पट्टी आणि ती बाटली यांच्यातील नाते दिसत नव्हते.

तृतीय वर्षातील एका विद्यार्थिनीच्या बाबतीत प्रकरण गोळीवर थांबले नाही. मुलगी अबोल, कामाला चोख, रुग्णांच्या नातेवाइकांची लाडकी. तिची नेमणूक भाजलेल्या स्त्रियांच्या कक्षात होती. तेथे वेदनाशमनासाठी लागणारे पेथिडीन नियमाप्रमाणे दुहेरी कुलपात असे आणि किल्ली अधिपरिचारिकेच्या कमरेला असावयाची; परंतु एकाच बाईने चाळीस खाटा सांभाळावयाच्या म्हटल्यावर ती किल्ली विद्यार्थिनीच्या स्वाधीन करण्याची वहिवाटच पडून गेली होती. शंभर मिलिग्रॅमच्या कुपीतून रुग्णाला पन्नास दिले, की उरलेले पन्नास टाकून द्यावयाचे, आणि ते टाकले हे पाहणारे दुसरे कोणी नसे. एका रात्री फेरीवर असताना मला एक बाई विव्हळताना आढळली. नोंदवहीत तिला मध्यरात्री इंजेक्शन दिल्याचा शेरा होता, आणि उशाशी बसलेली तिची लेक सांगत होती, ‘सुई अजून दिलीच नाही हो, बाई.’ प्रथम मी त्या रुग्णासाठी डॉक्टरांना बोलावून घेतले. नंतर मुलीला बाजूच्या खोलीत नेऊन विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने ती इतकेच म्हणाली, ‘मॅडम, मला झोप नाही हो लागत.’ आधी गोळ्या, मग टाकून द्यावयाचे उरलेले औषध आणि अखेर रुग्णाच्या हक्काचे, अशा पायऱ्या ती उतरत गेली होती.

जळालेल्या देहाच्या वेदनेवरचा उतारा चोरीला जावा याचा मला त्या रात्री जो संताप आला, तो मी लपविणार नाही. आजही तो मला योग्यच वाटतो. मात्र दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली तेव्हा तेथे दोनच मार्ग चर्चेला आलेले पाहून मी अस्वस्थ झाले. काहींच्या मते मुलीला तत्काळ बडतर्फ करावे. काहींच्या मते वडिलांना बोलावून ‘घरगुती कारणास्तव’ असा दाखला देऊन प्रकरण मिटवावे, म्हणजे संस्थेचे नाव राहील. दोन्ही मार्गांनी ती मुलगी आजारासह घरी जाणार होती आणि कपाटाची किल्ली होती तेथेच राहणार होती. मी समितीपुढे अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ वाचून दाखविले. सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनाधीन मनुष्य मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचारास गेला आणि त्याने तो उपचार पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालू नये अशी तरतूद त्यात आहे. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते. इतक्या कठोर कायद्याने ज्या माणसासाठी वाट मोकळी ठेवली, त्याला शुश्रूषा शिकविणाऱ्या संस्थेने दार लावावे हे मला सर्वथा अनुचित वाटले, आणि ते मी स्पष्ट शब्दांत बोलले. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या म्हणण्याला दुजोरा दिला. मुलगी उपचारास गेली, तिचे एक वर्ष बुडाले, परत आल्यावर काही काळ तिची नेमणूक बाह्यरुग्ण विभागात राहिली आणि यथावकाश ती उत्तीर्ण झाली. तिच्याविषयी याहून अधिक लिहिणे प्रशस्त नाही.

याच निमित्ताने मी पुण्यास मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पाहावयास गेले. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी ही संस्था उभी केली आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीने तिला प्रारंभीचे बळ मिळाले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते म्हणून वावरत होती आणि नव्याने आलेल्याशी ज्या समानतेने बोलत होती, ते पाहून आमच्या विद्यालयात कशाची वाण आहे हे मला उमगले. आमच्याकडे पकडणारे अनेक होते. जिच्यापाशी मुलीने आपण होऊन यावे अशी व्यक्ती कोणीच नव्हती. पुढे मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला, त्याची गरज मला तेव्हापासूनच जाणवत होती. पिणाऱ्या पुरुषाला समाज बिघडलेला म्हणतो, पण गोळी घेणाऱ्या मुलीचे लग्नच मोडते.

त्यानंतर पुष्कळ खटपटीने काही व्यवस्था बदलल्या. किल्ली विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची नाही. प्रत्येक मात्रेवर दोन सह्या. रिकाम्या कुप्या मोजून परत. उरलेले औषध साक्षीदारासमक्ष नष्ट. घरी गेलेल्या रुग्णाच्या गोळ्या त्याच दिवशी औषधभांडारात जमा. परिसेविकांना हा अविश्वास वाटला. कोषागारातील रोखपालाला रोजची शिल्लक मोजून द्यावी लागते म्हणून त्याला कोणी चोर समजत नाही, हे मला त्यांना परोपरीने पटवून द्यावे लागले. वसतिगृहाच्या मागील बाजूची एक खोली रात्रपाळीच्या मुलींसाठी राखून तिला जाड पडदे लावले, दुपारची हजेरी त्यांच्यापुरती बंद करविली आणि भोजनगृहातील मावशींनी त्यांची ताटे झाकून ठेवावयाचे मनापासून पत्करले. या पडद्यांनी जे साधले ते कवटीच्या चित्रांनी कधी साधले नसते, अशी माझी ठाम धारणा आहे.

सर्वांत कठीण गेला तो पुढील नियम: जी विद्यार्थिनी पकडली जाण्यापूर्वी स्वतः होऊन सांगेल, तिचे नाव शिस्तभंगाच्या दप्तरात जाणार नाही. याने शिस्त ढासळेल असे प्राचार्यांना वाटे, आणि लेखी मंजुरी मिळावयास बराच काळ लागला. याच्या जोडीला, रुग्णांच्या मद्यपानाची पारख करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सिद्ध केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी मी वर्गात शिकवू लागले. कमाल गुण चाळीस, आणि आठ किंवा अधिक आले तर सावध व्हावयाचे. कागद प्रत्येकाने स्वतःसाठीही भरावा आणि स्वतःपाशीच ठेवावा, गोळ्यांविषयीचा प्रश्न ज्याने त्याने मनाशी जोडून घ्यावा, एवढेच मी सांगे. दरवर्षी कोणीतरी सायंकाळी माझ्या दाराशी येई. प्रथम मैत्रिणीची म्हणून हकीकत सांगे आणि मग हळूहळू स्वतःची.

दीपप्रज्वलनाच्या समारंभात आमच्या विद्यार्थिनी नाइटिंगेलच्या नावाची जी प्रतिज्ञा घेतात, ती 1893 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे सिद्ध झाली, आणि अपायकारक औषध स्वतः घेणार नाही व जाणूनबुजून कोणाला देणार नाही असे वचन तीत आहे. त्या वचनाचा मला आदर आहे. परंतु जिला सलग बारा तास उभे केले आणि दिवसा झोपू दिले नाही, तिच्याकडून ते पाळले जावे ही अपेक्षा धरणाऱ्यांवरही काही कर्तव्य येऊन पडते. रात्रपाळी संपल्यानंतरचे दोन दिवस पूर्ण सुट्टीचे असावेत आणि त्या आठवड्यातील वर्गांची उपस्थिती भरलेली समजावी, अशी दरखास्त मी वरिष्ठांकडे केली होती. ती ‘मनुष्यबळाअभावी अमान्य’ या शेऱ्यासह परत आली. यंदा मी ती रात्रपाळीच्या वेळापत्रकांच्या नकला जोडून पुन्हा पाठविली आहे.