पंख्याखालची जागा

आमच्या तालुक्याच्या गावात उन्हाळा आधी नगर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चढतो आणि मग जिना उतरून बाजारपेठेत येतो. कौलं काढून पत्रे घातल्यापासून त्याची वाट आणखीच सोपी झाली आहे. एप्रिल अर्ध्यावर आला की दुपारी खिडक्यांचे गज हाताला चटका देतात, देणगीदारांच्या तसबिरींमागच्या पाली गारव्यासाठी खाली उतरतात आणि देवघेवीच्या टेबलाशेजारी नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळी सोडायची वाट बघत पडलेले असतात. अनुदानाचा हप्ता मार्चअखेरीला हातात पडतो आणि लगेच खर्चीही टाकावा लागतो. त्यामुळे वर्षाची खरेदी घाईघाईत उरकते आणि पुस्तकं दाखल करायचं काम उन्हाळ्याच्या गळ्यात येतं. ग्रंथपालबाई पदर खोचून एकेक पुस्तक घेतात, दाखल नोंदवहीत उतरवतात, शिक्के मारतात. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर. हे मधलं पान पुस्तक चोरणाऱ्याला माहीत नसतं, अशी त्यांची समजूत आहे. शिक्क्याच्या शाईचा, कोऱ्या कागदाचा आणि जुन्या कपाटांतल्या डांबरगोळ्यांचा असा तिहेरी वास त्या दिवसांत तिथे दाटलेला असतो. मला विचाराल तर आमच्याकडे वसंताचा वास हाच. मोगरा नंतर.

वाचनालय तसं फार जुनं नाही. रत्नागिरीचं 1828 सालचं, नाशिकचं 1840 सालचं, पुण्याचं 1848 सालचं, कोल्हापूरचं 1850 सालचं. त्या पंगतीत आम्हाला पाटही मिळायचा नाही. पण गावात दुपारी एक ते चार माणसाने कुठे बसावं याला आमच्याकडे पूर्वीपासून दोनच उत्तरं आहेत : मारुतीचं देऊळ आणि वाचनालयाचा वृत्तपत्र विभाग. देवळात पंखा नाही. वृत्तपत्र विभागात यायला सभासद असावं लागत नाही, वर्गणी लागत नाही, चप्पल बाहेर काढली की झालं. त्यामुळे तिथे पेन्शनर मास्तर असतात, गाडी सुटायला अवकाश असलेले एसटीचे कंडक्टर असतात, बाजाराच्या दिवशी गोणपाट घडी करून मांडीखाली घेतलेला हमालही असतो. पंख्याखालची जागा कुणाची, हे कुठे लिहिलेलं नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक आहे. एक आजोबा पेपर हातात आला की आधी निधनवार्ता वाचतात, मग अग्रलेख. आपल्या ओळखीचं कुणी नाही याची खात्री झाल्यावरच देशाचं काय चाललंय याकडे लक्ष देता येतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

मे महिन्यात मात्र वाचनालय अंगणात येतं. पाच वाजता शिपाई अंगणात पाणी मारतो, तापलेल्या फरशीतून वाफ उठते, सतरंज्या पसरल्या जातात, नगरपालिकेच्या लोखंडी खुर्च्यांचा खणखणाट होतो आणि सहा-साडेसहाला माइकवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करून तीनदा फुंकर मारतो. आमची वसंत व्याख्यानमाला.

या प्रकाराचं मूळ पुण्यात. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली तिथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि गावोगावच्या वकील-मास्तर मंडळींनी ती आपापल्या ओट्यावर आणली. नाशिकला 1922 पासून गोदाघाटावर व्याख्यानं होतात, मे महिनाभर. वाईत कृष्णेकाठी लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय व्याख्यानमाला भरवतं आणि गावात ज्यांचा पुस्तकांशी काही संबंध नाही तीही माणसं जेवणं लवकर आटोपून तिकडे निघतात. भर वैशाखात हा उद्योग का, असं मला लहानपणी वाटे. आता वाटतं, दुसरा महिना आहेच कुठला? कोर्टाला सुट्टी, शाळेला सुट्टी. रानात नांगरट होऊन गेलेली, पेरणीला अवकाश. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं गावी आलेली. पावसाचा भरवसा नाही म्हणावं तर तो अजून यायचाय. आणि घरात उकाड्याने बसवत नाही, ही गोष्ट आयोजक कधी कबूल करत नाहीत, पण निम्मे श्रोते तीच देते.

प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर ही या अंगणांची मोठी नावं. हातात कागद न घेता दीड तास बोलणं ही कला महाराष्ट्राने त्यांच्याकडून ऐकली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन करून वेगळीच वाट पाडली. वाचणारा आणि न वाचणारा एकाच सतरंजीवर बसून एकाच जागी हसू शकतो हे त्यांनी दाखवलं. पुढे त्या वाटेने कितीतरी जण आले, काही नुसतेच नकला करणारे. आमच्याकडेही आले. प्रास्ताविक लांबतं, वक्त्याची ओळख त्याहून लांबते आणि आभारप्रदर्शनात मंडपवाल्यापासून वीजमंडळापर्यंत कुणी सुटत नाही. वीजमंडळाचे आभार मानत असतानाच दिवे गेल्याचं मी ऐकलंय.

पण व्याख्यानमालेची खरी संध्याकाळ वळवाची. पश्चिमेकडून आधी धूळ येते. मंडपाचं कापड फुगतं, बायका पदर सावरतात, वक्ता एक डोळा आभाळाकडे ठेवून वाक्य पूर्ण करतो. मग पहिले टपोरे थेंब पडतात आणि सगळं अंगण उठतं. कुणी सतरंजी ओढतो, कुणी समई पदराआड धरून आत नेतो, माइकवाला आपल्या पेटीवर स्वतःच ओणवा होतो. दोन मिनिटांत सारी सभा वाचनालयाच्या आत, कपाटांच्या बोळांतून दाटीवाटीने उभी. कुणाची पाठ चरित्रांना टेकलेली, कुणाची आरोग्यशास्त्राला. हातात चपला. दिवे गेलेले. अशा वेळी वक्त्याने ‘मग उरलेलं उद्या’ म्हटलं तर कुणी रागावणार नाही. पण चांगला वक्ता तसं म्हणत नाही. तो देवघेवीच्या टेबलाशी उभा राहतो, माइकशिवाय आवाज लावतो आणि पत्र्यावरच्या पावसाशी झगडत अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासात विषय काय होता हे विसरायला होतं. आपण पुस्तकांच्या मधोमध उभं राहून, एकमेकांच्या ओल्या खांद्यांना खांदे लावून एका माणसाचं बोलणं ऐकत होतो, एवढं राहतं.

मुलांचा उन्हाळा याच इमारतीत, पण जमिनीपासून तीन फुटांवर. बालविभागाचं बुटकं कपाट. ‘गोट्या’ आणि ‘फास्टर फेणे’ यांची बांधणी उसवलेली, 1952 पासून मराठीत निघणाऱ्या ‘चांदोबा’चे वर्षावार शिवलेले गठ्ठे, बालभारतीचं ‘किशोर’. दिवसाला एकच पुस्तक, हा नियम. आम्ही पुस्तक घेऊन पायरीवर बसायचो, तिथेच संपवायचो आणि तासाभरात परत खिडकीशी हजर. ‘आज नाही, उद्या’ हे उत्तर ठरलेलं. ‘चांदोबा’ आता बंद झाला, ‘किशोर’ 1971 पासून टिकून आहे, आणि पायरीवर सुट्टीत शिबिराची पादत्राणं असतात. शिबिरात सुलेखन, ओरिगामी, मातीचे किल्ले, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. वाईट काही नाही त्यात. फक्त पुस्तकासाठी वेळापत्रकात पाऊण तास राखलेला असतो. वेळापत्रकात आलेलं वाचन बहुतेक मुलं वेळापत्रकाबरोबर विसरतात, असं माझं मत आहे. शिबिर चालवणाऱ्या ताईंना ते मान्य नाही.

खरा बदल वरच्या मजल्यावर झालाय. तिथे पूर्वी संदर्भ विभाग होता, म्हणजे विश्वकोशाचे खंड, गॅझेटिअर आणि बुद्धिबळ. आता अभ्यासिका आहे. प्लायवूडचे आडोसे घातलेल्या जागा, प्रत्येकीला चार्जिंगचा प्लग, टेबलावर पाण्याची बाटली, पाठीमागे खुर्चीला अडकवलेली सॅक. तलाठी भरती, पोलीस भरती, टीईटी, राज्यसेवा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं-मुली सकाळच्या पहिल्या एसटीने येतात; पोलीस भरतीवाले त्याआधी मैदानावर धावून आलेले असतात. पुस्तकं स्वतःची, वाचनालयाचं एकही पुस्तक लागत नाही. लागते ती जागा, पंखा आणि कुणी हाक न मारणारी आठ-दहा तासांची शांतता. घरी ती नसते. मुलीला तर हमखास नसते. ती घरात बसलेली दिसली की कुणीतरी पीठ मळायला सांगतं.

खालच्या मजल्याला वरचा मजला आवडत नाही, हे सरळ सांगायला हवं. ‘वाचनालय आहे की वेटिंग रूम?’ असं पंख्याखालचे आजोबा म्हणतात. कार्यकारिणीही या मुलांना ‘अभ्यासिकावाले’ म्हणते, सभासद म्हणत नाही, कारण कागदोपत्री ती सभासद नाहीतच. ती महिन्याची फी भरतात, पावती घेतात. गंमत म्हणजे गेली काही वर्षं आमचं विजेचं बिल आणि शिपायाचा पगार सभासदांच्या वर्गणीपेक्षा या फीवर जास्त चालतो. ज्यांना आपण पाहुणे म्हणतो तेच घर चालवतात.

ठिणगी पडली ती अर्थातच मे महिन्यात. व्याख्यानमालेचा कर्णा अभ्यासिकेच्या खिडकीखाली लागला. परीक्षा तोंडावर होती. मुलांनी अर्ज दिला : आवाज कमी करावा. वर्षानुवर्षांच्या परंपरेला काल आलेली पोरं आवाज कमी करायला सांगतात म्हटल्यावर खाली बराच संताप झाला. कुणी म्हणालं, दोन तास व्याख्यान ऐकलं तर यांचं ज्ञान वाढेल. कुणी म्हणालं, हे अधिकारी होणार आणि यांना व्याख्यान नको. शेवटी कर्णा गेला, दोन साधे स्पीकर आले, त्यांची तोंडं फाटकाकडे वळवली आणि आठच्या आत संपवायचं ठरलं. आश्चर्य असं की आवाज कमी झाल्यावर वरून काही जण खाली येऊन मागे उभे राहू लागले. पाणीप्रश्नावरच्या व्याख्यानाला तर वही-पेन घेऊन. प्रश्नोत्तरांत एका मुलीने सिंचनाबद्दल असा नेमका प्रश्न विचारला की वक्त्यांनी चष्मा काढून पुसला.

आणि मग परीक्षेनेच एक चमत्कार केला. लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. गोल काळे करायचे दिवस गेले. आता लिहायचं, पानंच्या पानं. निबंधाचा स्वतंत्र पेपर आला. ज्यांनी चार पर्यायांतून एक निवडण्याचाच सराव केला होता, त्यांना एकदम स्वतःचं वाक्य लागू लागलं. एका दुपारी अभ्यासिकेतली एक मुलगी देवघेवीच्या खिडकीशी आली आणि संकोचत म्हणाली, “बाई, निबंधासाठी वाचायला काही चांगलं आहे का? गाइड नको.”

ग्रंथपालबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि उठून दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आणि इरावती कर्व्यांचं ‘परिपूर्ती’ काढून आणलं. पाठीमागच्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का कधीचा आहे हे पाहून दोघीही हसल्या. सभासद नसल्यामुळे पुस्तक घरी नेता येईना. तेव्हा ती वरच बसून, राज्यव्यवस्थेच्या जाडजूड पुस्तकाआड धरून, वैशाखावरचा लेख वैशाखातच वाचत होती. चोरून कादंबरी वाचावी तसं. पुढच्या आठवड्यात आणखी तिघं-चौघं आली.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. गावातल्या माणसांनी संस्था काढायची, चालवायची आणि सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं, असा तो व्यवहार आहे. म्हणजे गावाला हवंसं वाटेल तोवरच वाचनालय. आणि गाव म्हणजे कोण? आमच्या कार्यकारिणीत साठीच्या आतलं कुणी शोधावं लागतं. अभ्यासिकेतल्या मुलांना सभासद करून घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं : ती दोन वर्षांनी निघून जातात, त्यांचं काय एवढं!

इथेच हिशेब चुकतो. निघून जातात ती निवड झालेली, आणि ती थोडी. त्यांचे फोटो आपण जिन्याशी लावतो, शाल देतो, पेढे खातो. ज्यांची निवड होत नाही ती कुठे जातात? ती इथेच असतात. कुणी भावाबरोबर कृषी सेवा केंद्र चालवतं, कुणी पतसंस्थेत लागतं, कुणी लग्न होऊन शेजारच्याच गावी जातं आणि बाजाराला येतं. वयाची पाच-सहा वर्षं रोज दहा तास या इमारतीत बसलेली ही माणसं. वाचायची सवय त्यांच्याइतकी गावात कुणाला नाही. पण शेवटचा निकाल लागला की ती जिना उतरतात आणि पुन्हा फाटकात येत नाहीत. अपयश जिथे बसून पाहिलं तिथे उगाच कोण येईल? त्यांच्याकडे सभासदाचं कार्ड असतं, ‘ऋतुचक्र’ घरी न्यायचा हक्क असता, व्याख्यानाला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यात त्यांचा हात असता, तर परत यायला एक कारण राहिलं असतं. परीक्षेपलीकडचं.

तेव्हा मागणी साधी आहे. अभ्यासिकेच्या फीमध्येच सभासदाची वर्गणी धरा, अनामत माफ करा आणि व्याख्यानमालेच्या समितीवर त्यांच्यातले दोघं घ्या, एक मुलगा आणि एक मुलगी. हे वाचणारे तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तुम्हालाही येईल. ही सभा बहुतेक ठिकाणी गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी आठ-दहा जणांत उरकते. त्यामुळे ठराव मंजूर करून घ्यायला फार माणसं लागत नाहीत. तुम्ही वेळेवर जा आणि सोबत चौघांना न्या.