चर्चने कुणासाठी बोलावं?

चि. भाचीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं म्हणणं सरळ आहे. चर्चने मिस्सा, संस्कार आणि प्रार्थना सांभाळाव्यात. निवडणुका, कायदे, पाणी, जमीन हे विषय ज्यांचे त्यांच्यावर सोडावेत. आपण मूठभर माणसं, तेव्हा गप्प राहण्यातच शहाणपण, हे तू थोडं दबक्या शब्दांत लिहिलंस. पण तुझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया तोच आहे असं मला वाटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहायला हवं. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात बोलावं की नाही, हा माझ्या मते खरा प्रश्नच नाही. ती बोलणारच; तिचं गप्प राहणंसुद्धा कुणाच्या तरी पथ्यावर पडतं. ती कुणासाठी बोलते आणि बोलताना समोरच्याचं ऐकते का, यावर तिच्या शब्दाची किंमत ठरते.

श्रद्धा ही खाजगी बाब आहे, हे वाक्य आपण शिकलेली माणसं सहज उच्चारतो. पण मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा प्रसंग आठव. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, तुरुंगातल्या माणसाला भेटलात का, याची. अन्न, स्थलांतर, तुरुंग हे तिन्ही आजच्या भाषेत राजकारणाचे विषय आहेत. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र लिहिलं तेव्हा युरोपातले कारखाने माणसं गिळत होते. कामगाराला कुटुंब चालवता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, संघटना बांधणं हा त्याचा हक्क आहे, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. मार्क्सचा जाहीरनामा त्याआधी त्रेचाळीस वर्षं आला होता. म्हणजे चर्चला उशीरच झाला होता, हे मान्य करू. पण २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्यामागचं कारण म्हणून त्या जुन्या पत्राकडे बोट दाखवलं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या श्रमाचं काय होणार, हा आता तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे, असं त्यांचं म्हणणं. मजुरीबद्दल बोलणं धर्माबाहेरचं असेल, तर धर्मात उरतं काय?

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगावी लागते. जगाशी बोलणं म्हणजे फक्त जगाला शिकवणं नव्हे. १८६४ साली पोप पायस नववे यांनी आधुनिक विचारांतल्या चुकांची जी यादी काढली, तीत धर्मस्वातंत्र्याचा आणि राज्यापासून चर्च वेगळं असावं या मताचा निषेध होता. एकशे एक वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘दिग्नितातिस ह्युमाने’ या घोषणेत धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क असल्याचं मान्य केलं. मधल्या काळात काय घडलं? दोन महायुद्धं, हुकूमशाह्या, आणि लोकशाही देशांत मोकळेपणाने नांदणाऱ्या कॅथलिकांचा अनुभव. जॉन कोर्टनी मरी या अमेरिकन येशूसंघीय विचारवंताने याच विषयावर लेखन केलं, तेव्हा १९५० च्या दशकात त्याला वरिष्ठांनी गप्प बसवलं होतं. पुढे त्याच घोषणेच्या मसुद्यात त्याचा मोठा हात राहिला. चर्च जगाकडून शिकलं, आणि त्या शिकण्यामुळे ते अधिक ख्रिस्ती झालं, असं मी मानतो. म्हणून चर्चने बोलू नये म्हणणारे आणि चर्चने फक्त सुनवावं म्हणणारे, दोघंही मला सारखेच चुकीचे वाटतात.

आता आपल्या वसईकडे ये. १९८८ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा ‘लाउदातो सी’ या पर्यावरणावरच्या पोपच्या पत्राला अजून सत्तावीस वर्षं होती. रोमहून आदेश आला आणि इथे अंमल झाला, असं घडलेलं नाही. इथल्या वाड्या, केळीच्या बागा, पानवेली आणि बावखलं (गोड्या पाण्याची तळी) यांच्याकडे पाहून एका धर्मगुरूने आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी सृष्टी ही देवाची देणगी आहे या जुन्या शिकवणीचा अर्थ नव्याने लावला. मुंबई वाढत होती, हिरवा पट्टा बांधकामाला खुला होत होता, विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकलं जात होतं आणि किनाऱ्याजवळच्या जमिनीत खारं पाणी शिरण्याची भीती होती. जमिनीखालचं गोडं पाणी एकाच साठ्यातून सगळ्यांच्या विहिरीत येतं. कुपारी, वाडवळ, भंडारी, आगरी, आदिवासी असा भेद त्या साठ्याला माहीत नाही. चर्चचा शब्द त्या वेळी ख्रिस्ती नसलेल्यांनाही ऐकावासा वाटला तो यामुळे, असं माझं मत आहे. बोलणारा धर्मगुरू होता, पण जे वाचवायचं होतं ते सगळ्यांचं होतं.

यावर तुझा आक्षेप मला आधीच दिसतो. त्या जमिनी बऱ्याच अंशी आपल्याच समाजाच्या होत्या, तेव्हा हीसुद्धा स्वतःच्याच मालमत्तेची राखण नव्हती का? आक्षेप वजनदार आहे. पण जमीनमालकाचं निव्वळ हित पाहिलं, तर ते राखण्यात नव्हतं, विकण्यात होतं. आणि आपल्यातल्या अनेकांनी विकल्याही. समितीला बिल्डरांइतकाच आपल्याच लोकांच्या मोहाविरुद्ध बोलावं लागलं. प्रवचनपीठावरून स्वतःच्या धर्मग्रामातल्या माणसांना न रुचणारं सांगावं लागणं, ही मला त्या शब्दाच्या खरेपणाची चांगली खूण वाटते. चळवळ पूर्ण यशस्वी झाली असं मी म्हणत नाही. वसई-विरारमधून जाताना सगळं डोळ्यांनी दिसतंच.

दुसरं उदाहरण आपल्याला अडचणीत टाकणारं आहे, म्हणून ते अधिक काळजीने पाहू. पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल २०११ मध्ये दिला. संवेदनशील क्षेत्रांची वर्गवारी, खाणी आणि मोठ्या बांधकामांवर बंधनं, आणि निर्णयात ग्रामसभांचा सहभाग, असं त्याचं स्वरूप होतं. त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अधिक सौम्य अहवाल आला. केरळच्या इडुक्की भागात दोन्ही अहवालांविरुद्ध जो उद्रेक झाला, त्याच्या अग्रभागी कॅथलिक चर्च होतं. हायरेंज संरक्षण समितीला चर्चचं पाठबळ होतं, आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत त्या समितीचा माणूस डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर निवडून आला. नावातही संरक्षण समिती, पाठीशीही चर्च. पण वसईत हिरव्या पट्ट्याच्या बाजूने आणि इडुक्कीत घाटाच्या रक्षणाच्या अहवालाविरुद्ध.

इडुक्कीच्या शेतकऱ्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९४० च्या दशकात अन्नटंचाई असताना सरकारनेच लोकांना डोंगरात जाऊन धान्य पिकवायला प्रोत्साहन दिलं, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी त्यांना झुलवत ठेवलं. अशा माणसाला ‘संवेदनशील क्षेत्र’ हे शब्द ऐकू आले की घरावर बुलडोझर दिसणारच. त्यांची बाजू मांडणं हे चर्चचं काम होतंच. चूक वेगळीकडे झाली. अहवालात काय आहे आणि काय नाही, हे लोकांना शांतपणे समजावून सांगण्याची ताकद ज्या एका संस्थेकडे होती, तिने ती भीती शमवण्याऐवजी पेटवण्यासाठी वापरली. खाणमालक आणि लहान शेतकरी यांच्यातला फरक पुसला गेला. ग्रामसभेला अधिकार देणारा तो अहवाल लोकविरोधी ठरला, आणि डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांचा, ज्यांच्या वाट्याला पूर येतो त्यांचा, विचार मागे पडला. २०१८ चा महापूर आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये कोसळलेले डोंगर यांचा दोष एकट्या चर्चवर टाकणं अन्यायाचं होईल. पावसाचा जोर, सरकारांची चालढकल, रिसॉर्टं, खाणी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण त्या मृतांच्या यादीपुढे आपण म्हणू शकत नाही की आपला शब्द त्या डोंगरांच्या बाजूने पडला होता. वसई आणि इडुक्की इथला धर्मसिद्धान्त एकच होता. वसईत चर्च आपल्या माणसांच्या पलीकडे पाहू शकलं, इडुक्कीत ते आपल्या माणसांपाशी थांबलं.

आता तुझा खरा मुद्दा, भीतीचा. २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के आणि महाराष्ट्रात एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान समाजाने अंगावर ओढवून का घ्यावं? फादर स्टॅन स्वामी यांचं उदाहरण तू दिलंसच. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी आयुष्य घालवलेले ते येशूसंघीय धर्मगुरू ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात अटकेत गेले आणि खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीत असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी वारले. तू विचारतेस, मिळवलं काय? मी उलटं विचारतो. ते फक्त चर्चच्या शाळांच्या अनुदानासाठी किंवा मालमत्तेसाठी लढले असते, तर आपल्या समाजाबाहेरच्या किती लोकांनी त्यांच्यासाठी अश्रू ढाळले असते? गप्प राहिल्याने लहान समाज सुरक्षित होतो, याचा पुरावा मला इतिहासात सापडत नाही. त्याला शेजारी लागतात, आणि शेजाऱ्याच्या अडचणीत कधी तोंड न उघडणाऱ्याच्या अडचणीत शेजारी येईलच अशी खात्री नसते. २०२० च्या जानेवारीत भरलेल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काही संघटनांनी विरोध केला. त्यांच्या बाजूने जे मराठी लेखक-वाचक उभे राहिले, ते ‘सुवार्ता’ मासिकाच्या आणि ‘सुबोध बायबल’च्या रूपाने चाललेल्या त्यांच्या कित्येक वर्षांच्या बोलण्यामुळे. हे नातं संकटाच्या दिवशी जुळवता येत नाही. बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, त्याचंही मोल मला याच ठिकाणी वाटतं. सोळाशे सोळा साली गोव्यात छापलं गेलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहिणारे थॉमस स्टीफन्स याच वाटेने गेले. आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला, हेही आपल्याला विसरता येत नाही. सत्तेच्या खांद्यावर बसून बोललेलं लोकांनी सोसलं. ओवी मात्र त्यांनी आपली मानून गायली.

याच कारणाने कुठल्या पक्षाच्या दारात चर्चने उभं राहू नये, हे तुझं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. कॅथलिक शिकवण कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मावत नाही. गर्भपाताला तिचा विरोध आहे; २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंडही पूर्णपणे नाकारला. स्थलांतरितांबद्दल ती जे सांगते ते उजव्यांना बोचतं, कुटुंबाबद्दल जे सांगते ते डाव्यांना. मग ज्या बाबतीत समाजाचं मत आपल्याहून वेगळं आहे, तिथे काय करायचं? आपलं म्हणणं कारणांसहित मांडायचं, समजूत घालायची, आणि कायद्याचा दंडुका मागायचा मोह आवरायचा. माल्टामध्ये १९६० च्या दशकात बिशपांनी मजूर पक्षाच्या नेत्यांवर धार्मिक बंदी घातली आणि त्या पक्षाला मत देणं हे गंभीर पाप ठरवलं. पुढे त्याच कॅथलिक देशाने २०११ मध्ये सार्वमतात घटस्फोटाच्या बाजूने कौल दिला. जिथे आपण थोडे आहोत तिथे धर्मस्वातंत्र्य मागायचं आणि जिथे बहुसंख्य आहोत तिथे इतरांच्या विवेकावर दाब आणायचा, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येणार नाही. भारतातल्या आपल्या मागणीला बळ हवं असेल, तर माल्टातल्या कॅथलिकांना हे आपण सांगायला हवं.

एका मुद्द्यावर मात्र माझ्याकडे तुला देण्यासारखं उत्तर नाही, तक्रारच आहे. चर्च बोलतं तेव्हा बहुतेक वेळा धर्मगुरूच बोलतात. वसईच्या मोर्च्यांत बायका पुढे होत्या. निर्णयाच्या टेबलाशी त्या किती आहेत ते तूच पाहतेस. २०२३ च्या रोममधल्या सिनड या धर्मसभेत पहिल्यांदा स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, एवढ्या उशिरा. म्हणून तुझं पत्र मला उद्देशून असण्यापेक्षा तुझ्या धर्मग्रामाच्या परिषदेपुढे गेलं असतं तर मला अधिक आनंद झाला असता. तुझा विरोधही तिथे नोंदला जायला हवा. इडुक्कीबद्दल मी जे लिहिलंय त्यावर तुझं म्हणणं मला कळव. तिथल्या शेतकऱ्यांना मी पुरेसा न्याय दिला नाही असं तुला वाटत असेल, तर तेही लिही.

तुझा,
मामा