गाडीच्या कपाळावरचीं अक्षरें

मोटारीला डोळे असतात, नाक असतें, हें लहान मुलांच्या चित्रांवरून आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण तिला कपाळही असतें, आणि त्या कपाळावर सटवाईनें नव्हे तर सरकारनें लिहिलेलीं अक्षरें असतात, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. माझ्या गाडीच्या कपाळीं 'एमएच ०७' अशीं अक्षरें आहेत. ती सिंधुदुर्ग जिल्ह्यांत नोंदलेली आहे आणि तिच्या धन्यानें कर भरला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. मालवणच्या बाजारांतून मासळीच्या टोपल्या चुकवीत जातांना, किंवा कुडाळ स्टेशनावर मुंबईचे पाहुणे आणावयास जातांना, ह्या अक्षरांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदीं कोपऱ्याला टेकलेला. दक्षिणेकडे दीड-दोन तास गाडी हांकली कीं गोवें लागतें, आणि आंबोलीचा घाट चढून पूर्वेकडे गेलें कीं कर्नाटक लागतें. तेथें मात्र ह्या निरुपद्रवी अक्षरांना भलतेच अर्थ फुटतात.

मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. लॉरेन्स स्टर्न ह्याचें 'ए सेंटिमेंटल जर्नी' हें पुस्तक १७६८ सालीं निघालें. त्यांतला यॉरिक हौसेनें फ्रान्सांत जातो, आणि तेथें पोहोंचल्यावर त्याला आठवतें कीं, इंग्लंड-फ्रान्सचें युद्ध चालू आहे व आपल्यापाशीं परवाना नाहीं! शेवटीं तो एका सरदाराच्या घरीं जातो, टेबलावरच्या 'हॅम्लेट'मधील यॉरिक ह्या नांवावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हा मी. सरदार त्याला राजाचा विदूषक समजून परवाना मिळवून देतो. वर्गांत मुलें ह्या ठिकाणीं मनापासून हंसतात. पूर्वीं मीही हंसत असें. हल्लीं मात्र माझ्या मनांत येतें कीं, युद्ध चालू असलेल्या देशांत शिरण्यास ज्याला एक नाटकाचें पुस्तक पुरलें, तो गृहस्थ भाग्यवानच म्हणावयाचा.

आमच्या दोन सीमांपैकीं गोव्याची सीमा जुनी आणि अधिक रक्ताळलेली. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोंसल्यांचा. पोर्तुगीजांनीं तो १७४६ सालीं घेतला, आणि १७८८ सालीं पेडणें महालही त्यांच्याकडे गेला. तेरेखोल नदी ही सीमा, असें समजून कोणी रेडीहून निघाला तर तो फसतो. कारण नदी न ओलांडतांच तो किल्ल्यापाशीं पोहोंचतो आणि गोव्यांत उभा असतो. किल्ला तेवढा अलीकडच्या तीरावर, आणि हद्द पलीकडची! राजेलोकांनीं आंखलेल्या रेषांना भूगोल कळत नाहीं, हें आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना शाळेंत शिकवावें लागत नाहीं.

माझ्या आईचें माहेर आरोंद्याचें, म्हणजे नदीच्या ह्या तीरावरचें. तिची थोरली बहीण पलीकडे किरणपाण्याला दिलेली. अलीकडे कोंबडा आरवला तर पलीकडे जाग यावी, एवढेंच काय तें अंतर. होडींत बसावें, पान खाऊन होईपर्यंत पलीकडे उतरावें, असा त्या दोन घरांचा व्यवहार. सोयरीक जमवितांना मुलगी परराज्यांत देत आहोंत, हा विचार आजोबांच्या स्वप्नांतही आला नसावा.

मग १९५५ साल उजाडलें. आई तेव्हां तेरा वर्षांची होती. १५ ऑगस्टला हजारों निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणांहून गोव्याच्या हद्दींत शिरले आणि पोर्तुगीजांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बांद्याजवळ पत्रादेवीस पंजाबचे कर्नैलसिंग पडले. तेरेखोलच्या किल्ल्यापाशीं पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. त्या एका दिवसांत वीसाहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर भारत सरकारनें सीमा बंद केली. राजकारणाच्या दृष्टीनें तें योग्यच असेल. पण आरोंद्याच्या धक्क्यावरची होडी उलटी करून ठेवण्यांत आली, आणि पान खाण्याइतक्या अंतरावर असलेली मावशी एकाएकीं लिस्बनला जाऊन बसली.

१९५७ सालीं मावशीला मुलगा झाला. ही बातमी कोणा चोरट्या वाटेनें येणाऱ्यानें आणली. कारण सीमा बंद झाली कीं बातम्या आणि घड्याळें ह्याच मार्गानें येतात. आजीनें बारशासाठीं कुंची शिवली, टोपरें शिवलें, त्याला जरीची कड लावली, आणि परवाना कांहीं मिळाला नाहीं. तिन्हीसांजेला मावशी पलीकडच्या घाटावर कंदील घेऊन येई आणि तो दोनदां हालवी. इकडून आजी आपला कंदील हालवी. मूल बरें आहे, एवढाच त्याचा अर्थ. १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीजांनीं शरणागति पत्करली, आणि कांहीं दिवसांनीं आजी टोपरें घेऊन होडींतून पलीकडे गेली. तोंवर मुलगा चार वर्षांचा झाला होता. टोपरें त्याच्या डोक्यावर बसेना. तो रडूं लागला, आणि त्याच्याबरोबर दोघी मायलेकीही रडूं लागल्या. आई ही गोष्ट सांगतांना नेहमीं हंसते. मला अजून तें जमलेलें नाहीं.

ह्या सीमेचा पुढचा इतिहास शांततेचा आहे. गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें किंवा नाहीं, ह्याविषयीं १६ जानेवारी १९६७ रोजीं कौल घेण्यांत आला. १,३८,१७० मतें विलीनीकरणाच्या बाजूनें पडलीं आणि १,७२,१९१ विरुद्ध. आमच्या घरीं त्या रात्रीं कोणी नीट जेवलें नव्हतें म्हणतात. परंतु निकाल मोजून लागला होता, म्हणून तो पचला. आज पत्रादेवीवरून परततांना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबविली जाते ती फक्त बाटल्यांसाठीं. माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मास्तराच्या पिशवींतही तेथील शिपाई मोठ्या आशेनें डोकावतात. २०२० सालच्या साथींत मात्र हे नाके पुन्हां खरोखरीच बंद झाले. सावंतवाडी-दोडामार्गाकडील जीं तरुण मुलें रोज दुचाकीवरून गोव्यांतील कारखान्यांत जात, तीं अलीकडे अडकून पडलीं; तेव्हां आईनें मला तो कंदील पुन्हां एकदां सांगितला.

दुसरी सीमा बेळगांवची. हिच्यावर परकी सत्ता नाहीं, तोफ नाहीं, पासपोर्ट नाहीं. दोन्हीकडे एकच झेंडा आणि एकच राज्यघटना. पण माझ्या गाडीला भीति वाटते ती येथें. १९५६ सालीं राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हां बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें. १९६६ सालीं न्यायमूर्ति मेहेरचंद महाजन ह्यांचा एकसदस्य आयोग बसला. २६४ गांवें महाराष्ट्रास द्यावींत, पण बेळगांव आहे तेथेंच राहावें, असें त्यानें पुढच्या वर्षीं सांगितलें. महाराष्ट्रास तें मान्य झालें नाहीं. २००४ सालीं महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयांत गेला. बेळगांवच्या मराठी माणसाचें दुःख खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. ज्याला आपल्या घराच्या उताऱ्यावरचीं अक्षरें दुसऱ्याकडून वाचून घ्यावीं लागतात, त्याचा संताप मी समजूं शकतों. पण खटल्याची कैफियत आणि रस्त्यावरचा दगड ह्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असतो, हें मात्र मला कधींच पटलेलें नाहीं. दगड पुढाऱ्यांच्या ताफ्याला लागत नाहीं. तो लागतो ट्रक चालविणाराला, आणि त्यानें कोणतीच कैफियत वाचलेली नसते.

माझी ताई बेळगांवास शहापुरांत राहते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर भावोजी वारले. आठ डिसेंबरला तेरावा होता. ६ डिसेंबरला बेळगांवाजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, इकडे पुण्यांत कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळें फासण्यांत आलें, आमच्या एस.टी.च्या फेऱ्या थांबल्या. भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी घेऊन येऊं नका."

अशा वेळीं सल्ल्यांची टंचाई पडत नाहीं. एका सहकाऱ्यानें सुचविलें कीं, पाटीवर चिखल फासावा. डिसेंबरांत चिखल कोठून आणावयाचा, हा प्रश्न त्याला पडला नाहीं! दुसऱ्यानें कांचेवर लाल-पिवळा झेंडा चिकटविण्याची युक्ति सांगितली. पेडण्याचे एक स्नेही फार सज्जन, ते म्हणाले, "माझी गोव्याची गाडी घेऊन चोर्ल्याच्या घाटानें जा." मीं क्षणभर मोहांत पडलों. ज्या भूमीवर मावशीला भेटावयास आजीला सहा वर्षें परवाना नव्हता, तिच्या गाडीचें कपाळ आज माझ्या गाडीच्या कपाळापेक्षां सुरक्षित! अर्थात् चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी आहे, आणि तेथें म्हादईच्या पाण्यावरून गोव्याचें व कर्नाटकाचें वेगळें भांडण आहेच. म्हणजे प्रत्येक पाटीला आपापला वैरी नेमून दिलेला आहे.

निर्णय आईनें दिला. ती तेव्हां ऐंशीची होती. ती म्हणाली, "माझ्या चेडवाच्या घराक मी चोरासारख्या जावचंय नाय." मग पाटी स्वच्छ पुसून, सात तारखेला पहाटे आम्ही दोघें निघालों.

आंबोलीच्या घाटांत धुकें होतें. एरवीं ह्या वेळीं समोरून भाजीचे टेंपो येतात. त्या दिवशीं फारसें कांहीं आलें नाहीं. चंदगड तालुक्यांत उतरल्यावर उसाच्या गाड्या दिसूं लागल्या आणि जरा बरें वाटलें. उसाला राजकारण कळत नाहीं, त्याला वेळेवर तुटावें लागतें. शिनोळीला आमच्याकडील पोलीस उभे होते. त्यांनीं जावयाचेंच का, असें विचारलें, आणि जा म्हणून हात केला. थोडें पुढें कर्नाटकाचे पोलीस.

तेथील शिपायानें आधीं गाडीचें कपाळ वाचलें आणि मग माझें. त्यानें कानडींत कांहीं विचारलें. मला कानडी येत नाहीं. नंतर त्यानें बेळगांवी हेल काढून मराठींत विचारलें, "कोठें निघालात? काय काम काढलात?" मी वाक्य जुळवीत होतों. चाळीस वर्षें भाषेचा धंदा करूनही ऐन वेळीं एक निरुपद्रवी वाक्य सांपडूं नये! इतक्यांत मागच्या आसनावरून आई म्हणाली, "जांवय गेलो माझो." मालवणी त्याला कितपत समजली, मला ठाऊक नाहीं. त्यानें वहींत गाडीचा नंबर लिहून घेतला, आणि खिडकीशीं वांकून म्हणाला, "गाडी रस्त्यावर लावूं नका. आंत घ्या कुठें तरी."

बेळगांवांत दुकानें उघडीं होतीं, माणसें कुंदा विकत घेत होतीं. वर्तमानपत्रांत पेटलेलें गांव प्रत्यक्षांत नळाला पाणी येण्याची वाट पाहत होतें. ताईच्या घरापुढें गाडी आंत घेण्यास जागा नाहीं. शेजारचें घर कानडी कुटुंबाचें. पंचवीस वर्षांचा शेजार. ताई त्या बाईंना अक्का म्हणते, आणि त्या ताईला वैनी म्हणतात. सुतकाच्या दिवसांत ताईच्या घरीं भाकरी-भाजी त्यांच्याच चुलीवरून आली होती. अक्कांच्या मुलानें फाटक उघडलें, माझी गाडी आपल्या अंगणांत घेतली, आणि तिच्यापुढें स्वतःची 'केए २२' अशी आडवी लावली कीं, रस्त्यावरून माझी पाटी दिसूंच नये. हें सर्व त्यानें एक शब्दही न बोलतां केलें. अक्का मात्र आईजवळ बसून बोलत राहिल्या. त्यांची मुलगी पुण्यांत नोकरीला. तिची स्कूटर कर्नाटकांत नोंदलेली, म्हणून ती दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. आईनें त्यांचा हात हातांत घेतला. एकीची मालवणी आणि दुसरीचें कानडी वळणाचें मराठी, असा त्या दोघींचा संवाद तासभर चालला, आणि त्यांना माझ्या दुभाष्याची गरज भासली नाहीं.

मला तेव्हां उगीच आठवलें कीं, १८४२ सालीं उत्तर कानड्यांतल्या कर्की गांवचे भागवत लोक सांगलीस खेळ करावयास आले होते, आणि ते पाहूनच पुढच्या वर्षीं विष्णुदास भाव्यांनीं मराठी नाटकाचा संसार मांडला. त्या भागवतांच्या गाड्या वाटेंत कोणी अडविल्या असत्या तर? बैलगाड्यांना कपाळावर अक्षरें नव्हतीं, हें मराठी रंगभूमीचें केवढें नशीब!

तेरावा झाला. नऊ तारखेला आम्ही त्याच वाटेनें परत आलों. पुढच्या आठवड्यांत दिल्लीस दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, डिसेंबर संपण्यापूर्वीं दोन्ही विधानसभांनीं परस्परविरुद्ध ठराव मंजूर केले, आणि एस.टी. पुन्हां सुरू झाली. पण २०२५ च्या फेब्रुवारींत, एका बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाली तेव्हां, ती पुन्हां थांबली. त्या दिवशींही भाच्याचा फोन आला. आतां तो नुसतें "मामा, सध्यां नको" एवढेंच म्हणतो, आणि मला पुढचें कळतें.

मध्यंतरीं एका मे महिन्यांत आईला मीं आरोंद्यास नेलें. तेथें आतां नदीवर पूल आहे. किरणपाण्यास जावयाला एक विडा लावण्याइतकाही वेळ लागत नाहीं. पुलाच्या मध्यावर तिनें गाडी थांबवावयास सांगितली. खालीं उतरून ती बराच वेळ पलीकडचा घाट शोधीत राहिली. माड वाढले होते, घराच्या जागीं कोणाचा तरी दुमजली बंगला उभा होता. ज्याच्या डोक्यावर टोपरें बसलें नाहीं, तो माझा मावसभाऊ आतां पेन्शन घेतो, आणि म्हापशाहून आम्हांला भेटावयास येणार होता. मागून एक ट्रक भोंगा वाजवूं लागला, तेव्हां आई गाडींत बसली आणि म्हणाली, "चल. पलतडीक पेट्रोल स्वस्त आसा, थंयच भर."