पानफुटी

अति प्रेमाने माणूस मरतो की नाही, ते कवींनी ठरवावे. झाड मात्र मरते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला आत्याकडे गेलो होतो. तिने पंचाहत्तरी ओलांडलेली, घरात दुसरे कोणी नाही. तेव्हा तिला पुण्याला आमच्याकडे आणावे असा माझा बेत होता. ती काही केल्या ऐकेना. निघताना अंगणातल्या पानफुटीचे एक जाड पान खुडून तिने माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "मला कशाला नेतोस? हे ने."

मी ते पान शब्दकोशात ठेवले आणि विसरलो. काही दिवसांनी कोश उघडतो तो काय, पानाच्या कडेच्या खाचांतून इवलाली रोपे डोकावत होती, पांढऱ्या मुळांसकट! ना माती, ना पाणी!

झाले! माझ्या प्रेमाला भरती आली. शेणखताने भरलेली कुंडी आणली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. थोड्याच दिवसांत रोपांची खोडे काळी पडली आणि मुळे कुजली.

मग मी, मराठीचा मास्तर, वनस्पतिशास्त्राची पुस्तके चाळू लागलो. पानफुटी मूळची मादागास्करची. उन्हाच्या वेळी ती पानांची रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते. त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. म्हणून पान सकाळी आंबट लागते आणि दुपारी बेचव. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन याने भारतात हे चाखून पाहिले; त्याविषयीचे त्याचे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. वाचकांनी मात्र त्याचे अनुकरण करू नये. गुरांना हे झाड बाधते.

सुदैवाने मेलेल्या रोपांचे मूळ पान गॅलरीच्या कोपऱ्यात पडले होते. त्याच्या एका खाचेतून विटांच्या चुऱ्यावर नवे रोप आले होते, कुणी न विचारता! आता बुडाला भोक असलेली कुंडी, निम्मी माती, निम्मी जाड वाळू. पान पुरायचे नाही, नुसते वर टेकवायचे. सकाळचे कोवळे ऊन द्यायचे. बोट खुपसून पाहावे; पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्यायची. बस्स!

आत्याला मी दिवसातून दोनदा फोन करीत असे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, दार लावलेस का? तिची उत्तरे दिवसेंदिवस तुटक होत चालली होती. हल्ली मी फक्त रविवारी करतो.

गेल्या रविवारी माझ्याआधी तिचाच फोन आला.

"तुझं झाड कसं आहे रे?"

"छान आहे. मी काहीच करीत नाही."

ती हसली. "थंडीत फुलेल बघ. कंदिलासारखी फुलं लोंबतात..."

आणि मग अर्धा तास ती एकटीच बोलत राहिली.