चुंबकाचे दोन तुकडे

मुलांनो, चुंबक तुम्ही हाताळला नाही असं सहसा होणार नाही. फ्रिजच्या दारात, कंपासपेटीच्या झाकणात, बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमध्ये, कुठे ना कुठे तो भेटतोच. खिळे, टाचण्या पटापट उचलतो, पण तांब्या-पितळेकडे ढुंकूनही बघत नाही. वाळूत फिरवला की त्याला लोखंडाच्या कणांच्या काळ्या मिशा फुटतात, आणि त्या मिशा बघा, दोन टोकांनाच दाट असतात. मधे जवळजवळ नाहीतच. ही दोन टोकं म्हणजे चुंबकाचे ध्रुव.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्या विज्ञानपेटीत दोन पट्टीचुंबक होते. लाल रंगाचं टोक उत्तर ध्रुव, दुसरं दक्षिण ध्रुव. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, सजातीय ध्रुव दूर ढकलतात, हे मुलांनी घोकलं नाही, हातांनीच अनुभवलं. दोन लाल टोकं जवळ आणताना मधे काहीतरी अडतं, ते जाणवलं की हसू फुटायचं.

एके दिवशी एका मुलाच्या हातून चुंबक शहाबादी फरशीवर पडला. टण्ण! आणि सरळ दोन तुकडे. वर्ग चिडीचूप. तो मुलगा तर पांढराफटक पडला. मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन जो गेला, तो पुढचे दोन दिवस फिरकलाच नाही. शेवटी त्याच्या मित्राने सांगितलं, "बाई, त्याला वाटतंय चुंबकाचे पैसे भरायला लागतील. त्याचे बाबा मजुरीला जातात ना!"

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो दाराआड उभा. मी म्हटलं, "अरे, तू नाहीस म्हणून आमचा प्रयोग अडलाय."

"कसला प्रयोग, बाई?"

"तुकड्यांचा. दोन्ही तुकडे जपून ठेवलेत मी."

दुसऱ्या दिवशी स्वारी सर्वांच्या आधी हजर!

मी वर्गाला विचारलं, "आता कुठल्या तुकड्यात काय उरलं?" उत्तर तयारच होतं. "लाल तुकड्यात नुसता उत्तर ध्रुव, दुसऱ्यात नुसता दक्षिण!" सगळ्यांचं एकमत. म्हटलं, चला, चुंबकालाच विचारू. लाल तुकडा मधोमध दोऱ्याने बांधून त्या मुलाने खिडकीला टांगला. गिरक्या घेऊन तुकडा स्थिर झाला, तो उत्तर-दक्षिण. मग अख्ख्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव त्याने तुकड्याच्या मोडक्या टोकाजवळ हळूच नेला. टोक झटकन मागे सरलं. "बाई, पळतंय!" तो ओरडला. म्हणजे मोडलेल्या जागी नवा दक्षिण ध्रुव तयार झाला होता! दुसरा तुकडा टांगला, तर त्याच्या मोडक्या टोकाला उत्तर ध्रुव.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ते टोक नुसतं ओढलं गेलं असतं, तर काहीच सिद्ध झालं नसतं. साधा खिळासुद्धा चुंबकाकडे ओढला जातोच की! खिळा दूर मात्र पळत नाही. म्हणून एखादी वस्तू चुंबक आहे की साधं लोखंड, हे ओळखायची खरी कसोटी म्हणजे प्रतिकर्षण.

पण नवे ध्रुव आले कुठून? प्रार्थनेची रांग आठवा. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. रांग मधेच तोडली, तरी दोन्ही अर्ध्या रांगांना पुढचं टोक असतं आणि मागचंही. चुंबकाच्या आतही असंख्य अतिसूक्ष्म चुंबक असेच एका दिशेला तोंड करून असतात. साध्या लोखंडात त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात, म्हणून त्याचा जोर बाहेर जाणवत नाही. चुंबक खूप तापवला किंवा सारखा आपटला, तर ही रांग विस्कटते आणि त्याची शक्ती कमी होते.

आमच्याकडे फरशीने केला, तो प्रयोग १२६९ साली पीटर पेरेग्रिनस नावाच्या फ्रेंच माणसाने मुद्दाम केला होता. चुंबकीय दगडाचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव असतात हे त्याने एका पत्रात लिहून ठेवलं. पुढे १९३१ साली पॉल डिरॅक या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं, की एकटा ध्रुव असणं अशक्य नाही. तेव्हापासून शास्त्रज्ञ तो शोधताहेत. अजून कुणालाही सापडलेला नाही. हे सांगितल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, आणखी बारीक तुकडे केले तर?" दोन दिवस घरी लपून बसलेल्या मुलाचा हा प्रश्न! चुंबकाचे पैसे अर्थातच कुणी भरले नाहीत. तुकडे आता पेटीत मानाने राहतात.

तुम्हीही करून पाहा. हॅक्सॉ ब्लेडचं जुनं पातं घ्या. चुंबकाचं एकच टोक त्यावरून एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा. परत येताना चुंबक उचलून आणा. पातं टाचण्या उचलू लागलं, की मोठ्या माणसांकडून ते फडक्यात गुंडाळून पकडीने मोडून घ्या. तुम्ही स्वतः मोडू नका, धार लागेल. मग तुकड्यांची टोकं तपासा. दोनाचे चार करा, चाराचे आठ. एकटा ध्रुव सापडला, तर आधी मला कळवा हं!